फाइलमधला चेहरा

भरतीचा हंगाम आला की आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो. "भाई, फॉर्मला दाढीचा फोटो लावू की काढून लावू?" मुली विचारतात तेव्हा शब्द वेगळे असतात, "स्कार्फ घातलेला चालेल ना?" मी शनिवार-रविवारी तिथे बसतो, फॉर्म भरायला मदत करतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ झालंय. जाहिरातीत काय लिहिलंय ते वाच. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे, फोटो अलीकडचा हवा आणि परीक्षेच्या दिवशी तू त्या फोटोसारखा दिसला पाहिजेस. यूपीएससीने तर अलीकडच्या वर्षांत फोटो दहा दिवसांपेक्षा जुना नको असंच बंधन घातलं होतं. हे सगळं कशासाठी, तर तुझ्या जागी डमी उमेदवार बसू नये म्हणून. गेटवरचा माणूस फोटो बघतो, तुझ्याकडे बघतो, आत सोडतो. संपलं.

पण विचारणाऱ्याच्या मनातला प्रश्न हा नसतो, हे मलाही कळतं आणि त्यालाही. त्याला विचारायचं असतं की कुठेतरी एखाद्या टेबलावर माझा अर्ज उघडेल, तिथला माणूस माझ्या तोंडाकडे बघेल आणि पुढचं काही वाचायच्या आधीच त्याचं ठरेल, तर? ओळख पटवण्यासाठी दिलेला फोटो पारखण्यासाठी वापरला गेला, तर? "असं काही नसतं रे" म्हणून त्याला वाटेला लावणं सोपं आहे. मला ते जमत नाही. म्हणून या भीतीकडे जरा नीट बघू. त्यासाठी मी एक असं ठिकाण निवडलंय जिथे फोटो पारखण्यासाठीच मागितला जायचा, उघडपणे, नियमावली करून. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेचं लष्कर.

तिथे त्याला 'डीए फोटो' म्हणत. डिपार्टमेंट ऑफ द आर्मीची आद्याक्षरं. अधिकारी आणि स्टाफ सार्जंटपासून वरचे सगळे सार्जंट यांच्या सेवा-नोंदींत हा अधिकृत फोटो असणं बंधनकारक होतं. तो काढायचा लष्करी छावणीतल्या स्टुडिओत, वेळ ठरवून, समारंभाच्या गणवेशात. दर ५ वर्षांनी तरी नवा काढायचाच. मधल्या काळात बढती मिळाली तर खांद्यावरची किंवा बाहीवरची खूण बदलते, म्हणजे फोटोही बदलायचा. छातीवरच्या पदकांच्या फिती ठरलेल्या क्रमाने लावायच्या, बॅज खिशापासून किती अंतरावर हे पट्टीने मोजून बघायचं, कापडाला चुणी दिसता कामा नये. फोटोला जाताना सोबत एखादा अनुभवी सार्जंट न्यायचा, तो चारही बाजूंनी फिरून बघणार, कॉलर ओढणार, मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. आपल्याकडे नवरदेवाला घोड्यावर बसवण्याआधी मामा जसा शेरवानीची बटणं तपासतो, तसंच काहीसं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर बढतीच्या मंडळासाठी. केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्सला लष्कराचं मनुष्यबळ मुख्यालय आहे. तिथे ही मंडळं बसतात. सदस्य वरिष्ठ अधिकारी असतात, सार्जंटांच्या मंडळावर अनुभवी सार्जंट मेजरही असतात. प्रत्येक जण आपापल्या संगणकावर फाइल उघडतो, शेजाऱ्याशी बोलत नाही आणि १ ते ६ या पट्टीवर गुण देतो. त्यालाही अधिक-उणे जोडायची सोय, म्हणजे सहा अधिक, तीन उणे वगैरे. फाइलमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. वरिष्ठांनी वर्षानुवर्षं लिहिलेले मूल्यमापन अहवाल, सेवेचा एक पानी गोषवारा आणि हा फोटो. फाइली हजारोंनी, त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला मिनिटं मोजकीच येणार. आणि दावणीला काय लागलेलं असायचं? अमेरिकेच्या लष्करात 'वर चढा नाहीतर बाहेर पडा' असा कायदाच आहे. दोनदा बढतीत डावललं गेलं की बहुतेक अधिकाऱ्यांना नोकरी सोडावी लागते. पंधरा वर्षांची चाकरी त्या मोजक्या मिनिटांवर तोललेली.

अशा फाइलमध्ये जुना फोटो काय बोलायचा? माणूस मेजर होऊन दोन वर्षं झालीत आणि फोटोत अजून कॅप्टनची खूण. गोषवाऱ्यात पाच पदकं आणि छातीवर चार फिती. मंडळातला माणूस थांबणार: हा स्वतःच्या कागदांची काळजी घेत नाही, तर हाताखालच्या दीडशे जवानांची काय घेणार? उलट छातीवर एखादी फीत जास्त असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण न कमावलेलं पदक लावणं हा सैन्यात अब्रूचा प्रश्न. म्हणून मंडळाची तारीख लागली की अनुभवी माणूस धाकट्याला सांगायचा, बाबा रे, आधी फोटो ताजा कर.

या शिस्तीची टिंगल करायची मला अजिबात इच्छा नाही. चार-पाच लाखांच्या फौजेत बढती देणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, तेव्हा कागद हाच तुमचा माणूस. तो कागद ताजा ठेवणं हे तुमचं काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. आपल्या पोरांना ही सवय नाही, याचा मला राग येतो. डिग्री झाली तरी फॉर्मवर 'शिक्षण चालू', पत्ता मामाच्या घरचा, नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि आधारवर दुसरं. शेख कधी आधी, कधी शेवटी. मोहम्मदचे तर चार प्रकार. कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी मग धावपळ. तिथे कुणी भेदभाव करायची गरजच पडत नाही.

हे मान्य करून आता फोटोकडे पुन्हा वळतो, कारण खरी गोम पुढे आहे.

जवान तंदुरुस्त आहे का? उंची, वजन, शारीरिक चाचणीचा निकाल हे सगळं मूल्यमापन अहवालात लिहिलेलंच असायचं. पदकं कोणती मिळाली? तीही गोषवाऱ्यात. नेतृत्व कसं करतो? वरिष्ठाने लिहिलेलं. मग फोटोतून मंडळाला नवीन काय कळायचं? कपडे नीट घातलेत का, हे एक. दुसरं, जे कुठल्याही रकान्यात गुण म्हणून लिहिलेलं नाही ते: रंग गोरा की काळा, बाई की पुरुष, केस सरळ की कुरळे, जबडा कसा, चेहऱ्यावर रुबाब आहे का. लष्करी माणसाला विचारा, तो म्हणेल आम्ही फक्त 'सैनिकाला शोभेल असा' आहे का ते बघतो. ही मोठी मजेची मोजपट्टी आहे. सैनिक कसा दिसतो, याचं चित्र ज्याच्या-त्याच्या डोक्यात आधीच काढलेलं असतं, आणि ते चित्र कुणाला समोर बसवून काढलंय हे कुणी विचारत नाही.

केसांचंच बघा. मार्च २०१४मध्ये अमेरिकन लष्कराने पोशाखाची नवी नियमावली काढली. तिच्यात काळ्या बायका नैसर्गिकरीत्या बांधतात त्या केसांच्या काही पद्धतींवर बंदी होती. काही पद्धतींचं वर्णन करताना वापरलेले शब्दही अवमानकारक होते. काळ्या महिला सैनिकांनी आवाज उठवला, संरक्षणमंत्र्यांनी फेरविचार करायला लावला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदल झाले. पिळाच्या बटांना परवानगी मिळायला २०१७ उजाडलं. आता विचार करा, २०१४च्या आधी आणि नंतरही अशा एखाद्या सार्जंट बाईचा फोटो मंडळापुढे आला असेल. नियमात बसणारे केस असूनही बघणाऱ्याच्या डोळ्याला ते 'टापटीप' वाटले असतील का? त्याने गुण पाचच्या जागी चार दिले, तर कारण कुठे लिहिणार? लिहायचंच नव्हतं. नुसता आकडा द्यायचा होता.

दाढी, पगडी आणि हिजाबची गोष्ट याच काळातली. त्याआधी शीख आणि मुसलमान सैनिकांना एकेकट्याने परवानगी मागावी लागे, ती वरपर्यंत जाई आणि बदली झाली की पुन्हा प्रश्न उभा राही. जानेवारी २०१७मध्ये लष्करमंत्री एरिक फॅनिंग यांनी आदेश काढला की दाढी, पगडी, हिजाब यांची परवानगी ब्रिगेडच्या पातळीवर देता येईल आणि ती सेवाभर टिकेल. म्हणजे नियमाने दार उघडलं. पण नियमाने उघडलेल्या दारातून आत आलेला माणूस पुढे बढतीच्या मंडळासमोर फोटो होऊनच उभा राहणार होता. परवानगी खिशात होती, आणि बघणाऱ्याचा डोळा जुनाच.

लष्कराने मग एक साधी गोष्ट केली, जी करायला कुणालाही फार अक्कल लागत नाही, फक्त तयारी लागते. त्यांनी फोटोसकट आणि फोटोशिवाय फाइली तपासून घेऊन निकालांची तुलना केली. फोटो काढून टाकला तेव्हा सदस्यांनी दिलेले गुण एकमेकांच्या जास्त जवळ आले, एका फाइलला लागणारा वेळ कमी झाला आणि महिला व अल्पसंख्याकांचे निकाल सुधारले. यातली पहिली दोन निरीक्षणं मला तिसऱ्याइतकीच मोलाची वाटतात. गुण जवळ आले, याचा अर्थ आधी सदस्यांमध्ये जो फरक पडत होता त्यातला काही भाग फाइलमधल्या कामगिरीचा नव्हताच, तो बघणाऱ्यांच्या नजरांचा होता. वेळ वाचला, म्हणजे त्या मोजक्या मिनिटांतला काही वेळ चेहरा वाचण्यात जात होता.

मे २०२०मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. सगळा देश ढवळून निघाला. त्यानंतर महिन्याभरात, जूनच्या अखेरीस, लष्कराने जाहीर केलं की १ ऑगस्ट २०२० पासून बढतीच्या मंडळांपुढे फोटो जाणार नाही. जुलैमध्ये संरक्षणमंत्री मार्क एस्पर यांनी तिन्ही दलांना तोच आदेश दिला. स्टुडिओतली ती शिस्तीची परेड, ती पट्टीने मोजलेली फीत, सगळं एका निर्णयानं बाजूला झालं.

इथपर्यंत वाचून तुमच्यातले बरेच जण म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो ना! चेहरा झाकला की न्याय होतो. थांबा.

वर्षभरानंतर, ऑगस्ट २०२१मध्ये, अमेरिकन नौदलाचे मनुष्यबळ प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉन नॉवेल एका परिषदेत बोलले. त्यांचं म्हणणं होतं की फोटो परत आणायचा विचार करायला हवा. कारण? त्यांच्याकडच्या आकड्यांनुसार एक तारा मिळवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निवडीत फोटो नव्हते तेव्हा विविधता कमी झाली होती. त्यांच्यावर टीका खूप झाली. काहींना वाटलं हा माणूस काळ्या-गोऱ्यांच्या जागा मोजून वाटायला निघालाय, काहींना वाटलं जुना पक्षपात परत आणतोय. पण मला त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. एका दलात फोटो काढल्यावर अल्पसंख्याकांचे निकाल सुधारतात, दुसऱ्या दलात घसरतात, तर मग फोटो ही सगळ्याची किल्ली नाही. नौदलाच्या मंडळाला लेखी सूचना होती की सर्व थरांतली गुणवत्ता पुढे येते आहे ना याकडे लक्ष द्या. चेहरे दिसत होते तेव्हा त्या सूचनेला काहीतरी अर्थ होता. चेहरे गेले, सूचना कागदावर राहिली.

माझं मत असं की यात दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली आहेत. गुण देताना चेहरा दिसता कामा नये, हे एक काम. गुण देऊन झाल्यावर कोण वर आलं, कोण मागे राहिलं, कुठल्या गटातली माणसं दरवेळी त्याच पायरीवर अडकतात, हे मोजणं दुसरं काम. पहिल्या कामाला डोळ्यावर पट्टी हवी, दुसऱ्याला उघडे डोळे. आणि दुसऱ्या कामात गळती सापडली तर मंडळाला चेहरे दाखवून ती भरायची नाही. मागे जाऊन बघायचं की ज्या अहवालांवर गुण दिले ते अहवाल कुणी लिहिले, चांगल्या नेमणुका कुणाला मिळाल्या, मोजपट्टी कुणाच्या मापाची आहे. हे किचकट काम आहे, म्हणून सगळे फोटोवर भांडतात. फोटो निदान हातात धरता येतो.

याचा पुरावा शोधायला अमेरिकेत राहायची गरज नाही. आपल्याच सैन्यात या बाबतीत अमेरिकेपेक्षा जुनं शहाणपण आहे. भारतीय लष्कराच्या निवड मंडळापुढे अधिकाऱ्याची कामगिरी जाते तेव्हा त्याची ओळख झाकलेली असते. सदस्यांनी नाव बघायचं नाही, नोंदी बघायच्या, अशी पद्धत. यूपीएससीतही मुलाखत घेणाऱ्या मंडळाला उमेदवाराचे लेखी परीक्षेचे गुण माहीत नसतात, म्हणजे तिथेही डोळ्यावर एक पट्टी आहेच. मग आपल्याकडे सगळं आलबेल असायला हवं. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना विचारा.

फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात निकाल दिला की शॉर्ट सर्व्हिसवर घेतलेल्या महिला अधिकाऱ्यांनाही पुरुषांप्रमाणे कायमस्वरूपी नेमणूक मिळाली पाहिजे. सैन्याने मंडळं बसवली. बऱ्याच जणी नापास झाल्या. पुन्हा कोर्टात गेल्या आणि २५ मार्च २०२१ रोजी लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणाचा निकाल आला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल प्रत्येकाने वाचावा, कारण त्यात वर उल्लेखलेल्या जुन्या फोटोचीच गोष्ट आहे, फक्त फोटोशिवाय. या बायकांची सेवा दहा, पंधरा, त्याहून जास्त वर्षांची. पण त्यांचे गोपनीय अहवाल पाहिले गेले ते पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचे. त्यानंतर त्यांनी काय केलं, कुठली जबाबदारी पेलली, कुठले सन्मान मिळवले, ते फाइलच्या बाहेर राहिलं. शिवाय ते सुरुवातीचे अहवाल ज्या काळात लिहिले गेले, त्या काळात या बायकांना कायम व्हायची संधीच नव्हती. लिहिणाऱ्या वरिष्ठाला माहीत होतं की ही काही वर्षांनी जाणार, मग चांगला शेरा त्या पुरुषाला का देऊ नये ज्याचं पुढे भविष्य आहे? प्रकृतीची कसोटीही चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना अशी लावली, जी त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांना ऐन तारुण्यात लागून गेली होती.

न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. म्हणजे काय, तर नियम सगळ्यांना सारखाच दिसतो, कुणाच्या मनात पाप असेलच असं नाही, तरीही नियमाची मांडणीच अशी की एका गटालाच त्याचा फटका बसतो. अमेरिकेत जवानावर बंधन होतं की तुझा फोटो ताजा ठेव. इथे संस्थेनेच माणसाचं दहा वर्षांपूर्वीचं रूप समोर ठेवून म्हटलं, ही बघा, ही अशी आहे. ताजं ठेवायची जबाबदारी एकट्या जवानाची नसते, हे या निकालाने माझ्या डोक्यात पक्कं बसवलं.

आता मोजणीबद्दल. २००६च्या सुरुवातीला न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने सैन्यात मुसलमान किती, अशी माहिती मागितली आणि केवढा गहजब झाला! सेना धर्म बघत नाही, मग धर्माने डोकी कशी मोजायची, असा आक्षेप घेतला गेला. शेवटी समितीच्या अहवालात सैन्यदलांचा आकडा आलाच नाही. बाकी ठिकाणचे आले. आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, आणि लोकसंख्येतला वाटा २००१च्या जनगणनेनुसार १३.४ टक्के. सेना धर्म बघून निवड करत नाही, यावर मला शंका घ्यायची नाही. पण 'आम्ही बघत नाही' हे निवडीच्या वेळचं उत्तर झालं. निवडीनंतरच्या प्रश्नाला तेच उत्तर कसं चालेल? कुणी अर्ज केले, कुणी धावण्यात पडलं, कुणी लेखीत, कुणी मुलाखतीत, हे मोजलंच नाही तर गळती घरात आहे की मंडळाच्या टेबलावर, हे कळणार कसं? कदाचित आपली पोरं अर्जच करत नसतील. तसं असेल तर तेही आकड्यातूनच दिसेल आणि मग आम्हाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. मला तरी ते चालेल.

फोटो नसला तरी काय होतं, हे आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी दाखवून ठेवलंय. पॉल ॲटवेल यांच्यासोबत त्यांनी केलेला अभ्यास २००७मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू आडनाव, दलित आडनाव आणि मुस्लिम नाव. पुढच्या टप्प्यावर बोलावलं जाण्याची शक्यता मुस्लिम नावाची उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश भरली, दलित नावाची दोन तृतीयांश. अर्जात चेहरा नव्हता. दाढी नव्हती, स्कार्फ नव्हता. नावानेच काम भागवलं. म्हणून दाढी काढून फोटो लावू का, असं विचारणाऱ्याला मी सांगतो की लेका, वरच्या ओळीत तुझं नाव आहेच ना. ते कशाने काढशील?

इथे हवाई दलाचा विषय कुणीतरी काढणारच. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने, दाढी ठेवल्यामुळे काढून टाकलेल्या एका मुस्लिम हवाई सैनिकाची याचिका फेटाळली. नियमाप्रमाणे ज्यांचा धर्म केस कापायला किंवा दाढी करायला मनाई करतो त्यांनाच सूट होती आणि इस्लाममध्ये तशी सक्त मनाई असल्याचं न्यायालयापुढे सिद्ध झालं नाही. या निकालावर आपल्यात बरंच बोललं गेलंय, दोन्ही बाजूंनी. मला इथे एवढंच म्हणायचंय की तो वाद वेगळ्या जातीचा आहे. तिथे नियम लिहिलेला होता, माणसाला माहीत होता, त्याविरुद्ध कोर्टात जाता आलं, न्यायाधीशांना कारणं द्यावी लागली आणि आपण आज त्या कारणांशी सहमत-असहमत होऊ शकतो. फोटो बघून पाचाचा चार करणाऱ्या हाताविरुद्ध कुठल्या कोर्टात जाणार? त्याने कारण लिहिलेलंच नाही. आपल्या सभांमध्ये सगळा जोर लिहिलेल्या नियमांवर खर्च होतो. न लिहिलेल्या चाराकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्यावर घोषणा बनत नाही.

त्याकडे लक्ष द्यायचं तर मागण्या कंटाळवाण्या आहेत. पहिल्या चाळणीत फोटो आणि नाव झाका, क्रमांकावर निवड करा. ओळख पटवायची ती दारात पटवा, टेबलावर नाही. मुलाखतीतल्या प्रत्येक सदस्याचे गुण वेगळे नोंदवा, म्हणजे एकच माणूस दरवेळी एकाच प्रकारच्या नावांना कमी देतो का ते दिसेल. आणि निकालानंतर टप्प्याटप्प्याचे आकडे जाहीर करा, समाजगटांनुसार. यात कुणासाठी राखीव काही मागितलेलं नाही. सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला होता तो अशाच कामासाठी, आणि तो अजून झालेला नाही.

जे आधीच नोकरीत आहेत, पोलिसात, जिल्हा परिषदेत, शिक्षण खात्यात, त्यांच्यासाठी एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. तुमच्याबद्दल वरिष्ठ दरवर्षी जो गोपनीय अहवाल लिहितात तो तुम्ही बघितलाय का? २००८च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याबद्दलची प्रत्येक नोंद, वाईटच नाही तर 'चांगला' ही सुद्धा, त्याला कळवली पाहिजे, म्हणजे ती बढतीच्या आड येत असेल तर त्याला दाद मागता येईल. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना हा निकाल लागू नाही, असं त्यातच म्हटलंय. बाकीच्यांना आहे. माझ्या ओळखीत अठरा वर्षं नोकरी केलेले लोक आहेत ज्यांनी स्वतःचा एकही अहवाल वाचलेला नाही. "साहेबांशी कशाला वाकडं" म्हणतात. बढती हुकते तेव्हा मग चहाच्या टपरीवर कारण ठरतं, आपलं नाव. असेलही. पण कधी कधी सेवापुस्तकात सहा वर्षांपूर्वीचं प्रशिक्षण चढवलेलंच नसतं, विभागीय परीक्षा पास झाल्याची नोंद नसते, आणि साहेबाने तीन वर्षं ओळीने 'चांगला' लिहिलेलं असतं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याला 'अत्युत्कृष्ट'.

अर्ज एका पानाचा होतो. माझ्या सन २०१८पासूनच्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात आणि सेवापुस्तक पाहण्यास मिळावे, एवढंच लिहायचं, खाली सही, आवक क्रमांक घ्यायचा. दिलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. नोंद हुकलेली असेल तर सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडायची. मसुदा अभ्यासिकेत फळ्याशेजारी लावून ठेवलाय, रविवारी अकरानंतर मी तिथे असतो.